कोटाच्या खिशातली पुडी

दिवाळीचे चार दिवस नवऱ्याच्या जिभेला साखरेचा कण लागू द्यायचा नाही, आणि तो का लागू द्यायचा नाही हे माहेरी कुणाला कळूही द्यायचं नाही, असं मनाशी घट्ट ठरवून कुमुदिनी बदलापूरच्या आपल्या घराची पायरी चढली. लग्नानंतरची पहिली दिवाळी. दिवाळसण. जावई पहिल्यांदा हक्कानं राहायला येणार म्हणून माईंनी पंधरा दिवस आधीपासून तळणीला दम खाऊ दिला नव्हता. ओट्यापासून फडताळापर्यंत डबेच डबे होते, आणि एकाही डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, इतके ते भरलेले होते.

श्यामकांतला मधुमेह होता. वय वर्षं सव्वीस, अंगानं काटकुळा, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी, स्वभाव असा की पायावर कुणी पाय दिला तर हाच माफी मागेल. लग्न जमवताना त्याच्या आईनं पत्रिका दाखवली, पगार सांगितला, खानदान सांगितलं. आजार तेवढा सांगायचा राहिला. कुमुदला तो लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळला. सकाळी नवऱ्याला स्पिरिटच्या दिव्यावर इन्शुलिनची सुई उकळताना तिनं पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवून ती तिथंच बसली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता तू ह्या घरची. माहेरी हे कळता कामा नये. लोक काय, पराचा कावळा करतात." कुमुदनं मान हलवली होती. फसवणूक झाली म्हणून ती एक दिवस रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाला जगवायच्या मागे लागली. असल्या बाया असतात. त्यांचं कौतुक करावं की त्यांना हलवून जागं करावं, हेच कळत नाही.

उल्हासनगरच्या तीन नंबरच्या कॅम्पात वाधवानी म्हणून एक सिंधी डॉक्टर होते. फाळणीत कराचीहून आलेले, बराकीच्या एका खोलीत दवाखाना. श्यामकांत त्यांचं औषध घ्यायचा. एकदा त्यानं कुमुदला सोबत नेलं. डॉक्टरांनी बोटांवर मोजून तिला नियम सांगितले होते. "देखो बेटी, टाइम पे खाना, टाइम पे घूमना, टाइम पे सोना. थोडा खाना. और मीठा बिलकुल बंद. मीठा इसके लिए जहर है." एवढं सांगून त्यांनी तिला कंपाउंडरच्या खिडकीशी रांगेत औषध आणायला पाठवलं. पुढे आत काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. बाहेर आल्यावर श्यामकांत नुसता हसला आणि म्हणाला, "काही नाही, नेहमीचंच."

त्या सगळ्या नियमांतला एकच नियम कुमुदच्या काळजात रुतून बसला. मीठा जहर है. बाकीचं काय, वेळेवर जेवा, चाला, झोपा, हे तर शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. त्यात भिण्यासारखं काय? भीती वाटावी असा शब्द एकच होता आणि तिनं तोच धरून ठेवला.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कोट झटकताना खिशात ती पुडी सापडली तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. मेणकागदाची चौकोनी पुडी, आणि आत खडीसाखरेचे पाच-सहा खडे. चोरून खातो! आपण त्याच्यासाठी गव्हाची पोळी सोडून ज्वारीच्या भाकऱ्या थापतोय, कारल्याचा रस गाळतोय, शेजारणींनी दिलेला प्रसाद पदराआड लपवतोय, आणि हा ऑफिसात बसून खडीसाखर चघळतोय! तिला राग आला, मग रडू आलं, मग एखाद्या लहान पोराची चोरी पकडल्यासारखी मायाही आली. भांडायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं खडे मागच्या अंगणात मुंग्यांना टाकले, त्याच कागदात बडीशेप भरली, तश्शाच घड्या घातल्या आणि पुडी होती तिथं ठेवून दिली. उघडेल तेव्हा ओशाळेल, न बोलता समजेल, असा तिचा हिशेब. आपल्या ह्या युक्तीवर ती थोडी खूशही होती.

विचारलं असतं तर? पण विचारायचं नाही, सांगायचं नाही, असंच ते घर चाललेलं. श्यामकांतनंही तिला सांगितलं नव्हतं की सुई घेतल्यावर वेळेत पोटात काही गेलं नाही तर हातपाय कापतात, घाम फुटतो, शुद्ध हरपते, आणि अशा वेळी साखर तोंडात टाकली तरच माणूस वाचतो. डॉक्टरांनी त्याला तीनदा बजावलं होतं, "बीवी को बता देना." पण जे औषध तुम्हाला जगवतं तेच एखादे दिवशी मारूही शकतं, हे पाच महिन्यांच्या बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? सावकाश सांगू, असं तो म्हणत राहिला.

नरकचतुर्दशीला पहाटेची अंघोळ झाली, अंगणात कारीट फोडलं. कारिटाचा कडू रस जिभेला लावताना श्यामकांत कुमुदकडे पाहून हळूच म्हणाला, "हा पदार्थ मला चालतो." ती तोंडावर पदर धरून हसली. मग तो फिरायला म्हणून नदीच्या बाजूला गेला. रुमालात गुंडाळलेली बाटली आणि सुईची डबी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. झाडाआड बसून तो सुई टोचून घ्यायचा आणि अर्ध्या तासात परत यायचा. आल्यावर लगेच त्याला खायला लागायचं. कुमुदनं आधीच माईंना सांगून ठेवलं होतं, "ह्यांनी चातुर्मासात गोड सोडलंय. कार्तिकी एकादशीला सुटेल." चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात, गोड सोडलं तर त्यात काय मोठं? माईंचा चेहरा पडला, पण देवाच्या नावापुढे त्या गप्प बसल्या. जावयानं दोन चकल्या, थोडा चिवडा आणि भाकरी खाल्ली. पहिला दिवस निभावला.

निभावला नाही तो दिनानाथकाकांपुढे. हे कुमुदच्या वडिलांचे, विष्णुपंतांचे धाकटे भाऊ. सणाला घरात असा एक माणूस असतोच, ज्याला सगळ्या रीती पाठ असतात आणि काम एकही नसतं. त्यांनी जावयाचं ताट पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि माजघरात येऊन जाहीर केलं, "वहिनी, चातुर्मास वगैरे काही नाही. जावई रुसलाय."

"इश्श, रुसायला काय झालं?" माई म्हणाल्या.

"अहो, दिवाळसण आहे! जावयानं रुसायचंच असतं. मी नव्हतो रुसलो? दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, तेव्हा सासऱ्यानं सायकल काढली. ह्यालाही काहीतरी हवंय. भिडस्त आहे, बोलत नाही."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकांनी त्याला सरळच विचारलं, "सांगा हो जावईबापू, काय मनात आहे?" श्यामकांत म्हणाला, "काही नको, खरंच काही नको." झालं. काही नको म्हणणाऱ्या जावयाला फार मोठं काहीतरी हवं असतं, अशी आपल्याकडची समजूत. मग काका त्याच्यावर पाळतच ठेवून बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी शोध लावला. जावई दर थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो! मनगट रिकामं आहे! बिचारा खाण्याची वेळ चुकू नये म्हणून घड्याळ बघत होता. काकांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, त्याला मनगटी घड्याळ हवंय."

विष्णुपंत शाळामास्तर, सरळ माणूस. एकुलत्या मुलीचा दिवाळसण, त्यात उणेपणा नको. पाडव्याला भल्या पहाटे ते उल्हासनगरला गेले. कॅम्पातला एक घड्याळवाला त्यांच्या ओळखीचा होता, सणालाही सकाळी दुकान उघडतो म्हणायचा. "आठला परत येतो," असं सांगून गेले.

त्या दिवशीही श्यामकांत सातला नदीवर गेला. साडेसातला तो परत आला तेव्हा अंगणात रांगोळी काढलेली, पाट मांडलेला, आणि पाटाशेजारी दिनानाथकाका मांडी ठोकून बसलेले. "बसा जावईबापू. आज मात्र आधी आहेर, मग ओवाळणं, मग फराळ. त्याच्याआधी तोंडात काही घालायचं नाही. दादा येतोच आहे."

श्यामकांत बसला. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, काका गालातल्या गालात हसले.

आठ वाजले. साडेआठ. विष्णुपंतांचा पत्ता नव्हता. तिकडे घड्याळवाल्याकडे पाडव्याची पूजा चालू होती, ती संपेपर्यंत तो गल्ल्याला हात लावणार नव्हता. आणि पूजा झाल्यावर ओळखीच्या मास्तरांना मिठाई खाल्ल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. हे सगळं मागून कळलं. श्यामकांतनं पाणी मागायच्या निमित्तानं कुमुदला दाराशी बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कुमुद, मला काहीतरी खायला दे. भाकरीचा तुकडा दे, काहीही."

ती स्वयंपाकघरात गेली. माई बासुंदी आटवत होत्या. "भाकरी? पाडव्याला? जावयाला ओवाळायच्या आधी शिळी भाकरी वाढू? तुझे वडील काय म्हणतील? थोडा दम धरा म्हणावं. कसली एवढी घाई आहे गं?"

कसली घाई? हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. कुमुद उभी राहून विचार करायला लागली. आणि तिला जे सुचलं ते अगदी शहाणपणाचं वाटलं: उपाशी राहिले तर बिघडतं काय? पोटातच काही नाही तर साखर चढणार कुठून? उलट बरंच आहे की. काल लक्ष्मीपूजनाचं जेवण थोडं जड झालंच होतं. ती परत जाऊन त्याला म्हणाली, "थोडं थांबा ना. बाबा येतीलच."  कोटाच्या खिशावर त्यानं हात ठेवला, पुडी चाचपली, आणि मान हलवली. पुडी जागेवर होती.

नऊ वाजून गेले तसा त्याचा चेहरा बदलला. कार्तिकातली गार सकाळ, पण कपाळावर घामाचे थेंब. बोटं थरथरायला लागली. काकांनी काहीतरी चेष्टा केली तर हा जन्मात कधी न चिडणारा माणूस एकदम ओरडला, "गप्प बसा! गप्प बसा तुम्ही!"

क्षणभर सगळे चमकले. मग काकांनी टाळी वाजवली. "बघा! रुसला की नाही! मी म्हणत नव्हतो?" आणि सगळे हसले. कुमुदही हसली. हे हसणं तिला पुढे आयुष्यभर पुरलं.

श्यामकांतनं खिशातून पुडी काढली. बोटांना घड्या उलगडेनात, तेव्हा दातांनी कागद फाडून त्यानं ती तोंडात रिकामी केली. चावला. थांबला. ओठांवरून, हनुवटीवरून बडीशेप खाली सांडली. त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग कुमुदकडे पाहिलं. ओशाळेल असं तिला वाटलं होतं. तो ओशाळला नव्हता. त्या नजरेत राग नव्हता, ठपकाही नव्हता. काय होतं ते तिला तेव्हा समजलं नाही.

"साखर," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "कुमुद... साखर..."

माई बासुंदीची वाटी घेऊन बाहेरच आल्या होत्या. "अगं बाई, ह्यांना काय होतंय? भोवळ आली वाटतं उपाशीपोटी! घ्या हो श्यामराव, एक घोट घ्या. देवाला सांगते मी, मला लागेल काय पाप लागायचं ते." त्या पाटाशेजारी बसल्या आणि त्यांनी वाटी त्याच्या तोंडाशी नेली.

कुमुदनं झडप घालून आईचं मनगट धरलं. "नको! माई, नको! गोड देऊ नकोस, मरतील ते!"

"अगं पण ते मागतायत—"

"मागू देत! त्यांना मधुमेह आहे! साखर म्हणजे विष आहे त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंय!" इतके महिने दाबून ठेवलेलं गुपित तिच्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर पडलं. माईंचं मनगट तिनं इतकं आवळून धरलं होतं की नखं रुतली. बासुंदी वाटीतून सांडली, पाटाखालच्या रांगोळीत पसरली.

मग घरादारानं काय केलं? जे शहाणी माणसं करतील तेच केलं. लाडवांचं ताट आत नेलं. करंज्या आत नेल्या. विषाचा वाससुद्धा त्याच्याजवळ राहू नये म्हणून बासुंदीचं पातेलं परसात नेऊन ठेवलं. काकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, कुमुद त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत राहिली. त्याचे ओठ हलत होते. ती म्हणत होती, "नाही हं, हट्ट नाही करायचा, थोडं सोसा." त्याला आपण वाचवलं, असं तिला खरोखर वाटत होतं. मग त्याच्या अंगाला झटके यायला लागले.

गावातले चिंतामणी डॉक्टर सोनिवलीला एका बाळंतिणीकडे गेले होते. काका पायात चपलाही न घालता तिकडे धावले. डॉक्टर यायला साडेअकरा झाले. त्याच्या थोडं आधी विष्णुपंत घड्याळाची डबी घेऊन आले होते आणि ती हातात तशीच धरून ओटीवर उभे होते.

डॉक्टरांनी त्याचे डोळे उघडून पाहिले, कोट चाचपला, आतल्या खिशातली बाटली काढली, आणि त्यांचा आवाज चढला. "सुई किती वाजता घेतली? आणि नंतर काय खाल्लं?" माईंनी नकारार्थी मान हलवली. "काहीच नाही?" त्यांनी घाईघाईनं साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन शिरेत दिलं. एक दिलं, दुसरं दिलं. साखर! कुमुद बघत राहिली. ज्या साखरेपासून तिनं त्याला राखलं ती डॉक्टर सुईनं त्याच्या अंगात घालत होते. तो परत आला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला श्वास थांबला.

डॉक्टर हात धुवून ओटीवर बसले. ते चिडले होते, आणि तो राग कुणावर काढावा हे त्यांनाही कळत नव्हतं. "घरात दिवाळी आहे. डबे भरलेत. एक चमचा साखर, एक लाडू, काहीही गोड तोंडात गेलं असतं तर हा मुलगा आत्ता उठून बसला असता. कुणालाच कसं सुचलं नाही?"

कुमुद भिंतीला टेकून बसली होती. तिनं तोंड उघडलं. पण त्याआधी माई बोलल्या.

"नाही सुचलं, डॉक्टर. मी त्याची सासू. देणं माझं काम होतं. मला सुचलं नाही."

असं म्हणून त्यांनी पदर पुढे ओढून मनगटावर घेतला. दिनानाथकाका सगळं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी अंबरनाथहून श्यामकांतची आई आली. तिनं आक्रोश केला, माईंना नको नको ते बोलली. माझ्या लेकराला उपाशी मारलं, भरल्या घरात साखरेचा कण दिला नाही! जे तिनं स्वतः लपवलं होतं त्याची तिला त्या वेळी आठवण नव्हती, आणि माईंनी ती करून दिली नाही. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. गावभर तेच झालं. पुढे कित्येक वर्षं बदलापुरातल्या बायका हळदीकुंकवाला माईंकडे बोट दाखवून कुजबुजायच्या, जावई पाटावर मेला आणि हिला चमचाभर साखर सुचली नाही.

चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. सकाळी माईंनी चूल पेटवली, ज्वारीची भाकरी थापली. कुमुद कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. चौदा दिवसांत ती पोटभर जेवली नव्हती.

"माई," ती म्हणाली, "तू देत होतीस. मी हात धरला. तू सांगितलं का नाहीस?"

माई भाकरी उलटत होत्या. त्यांच्या मनगटावर चार बारीक खपल्या अजून होत्या.

"मला किती वर्षं काढायचीत?" त्या म्हणाल्या. "तुला फार काढायचीत. तुझ्या नावावर हे नको."

कुमुद रडायला लागली, मोठ्यानं, लाज सोडून. माईंनी तिला रडू दिलं. मग भाकरी ताटात घातली, वर लोण्याचा गोळा ठेवला, गुळाचा खडा ठेवला आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"साडेसात वाजले," त्या म्हणाल्या. "खाऊन घे."

कुमुदनं भाकरीचा तुकडा मोडला. गुळाच्या खड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि तोंडात घातला.